शोमरोनी निघून गेल्यावर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पूर्व आफ्रिकेतील एका ख्रिस्ती वैद्यकीय शिबिरासाठी आपल्या भागातील चौदा तरुण-तरुणी निघाल्याची बातमी आपल्या दैनिकात छायाचित्रासह आली आणि पुढच्याच आठवड्यात तिच्यावर दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पहिल्या पत्रलेखकाने या तरुणांच्या सेवाभावाचे तोंडभरून कौतुक केले होते. दुसऱ्याने दोन आक्षेप घेतले होते: गडचिरोली आणि मेळघाट दाराशी असताना आफ्रिका कशाला, हा एक, आणि औषधाच्या आडून धर्मप्रसार होणार नाही याची खात्री काय, हा दुसरा. मी स्वतः मराठी ख्रिस्ती आहे, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात परिचर्येचे शिक्षण घेऊन पस्तीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये काढली आहेत आणि अशाच कामासाठी दोनदा केनियाला जाऊन आले आहे. त्यामुळे त्या कौतुकामागचा भाव आणि त्या आक्षेपांमागची शंका, दोन्ही मला जवळून ठाऊक आहेत. तरीही बातमीतील ज्या एका ओळीने मला अस्वस्थ केले, तिच्याकडे दोघांपैकी कोणाचेच लक्ष गेलेले दिसले नाही. पथकात वैद्यकीय शाखेच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आहेत आणि त्यांना तेथे प्रत्यक्ष शस्त्रक्रियांत हातभार लावायला मिळणार आहे, असे त्या ओळीत म्हटले होते.

या विद्यार्थ्यांना मिरजेच्या किंवा सांगलीच्या एखाद्या रुग्णालयात कोणी रुग्णाच्या पोटावर टाके घालू देईल काय? देणार नाही, आणि कोणी दिलेच तर आपणच सर्वजण त्या रुग्णालयावर तुटून पडू. जे मिरजेत चालत नाही ते विषुववृत्तावर कसे चालते, एवढाच माझा प्रश्न आहे. एखादा परदेशी डॉक्टर आपल्याकडे शिबिरात रुग्ण तपासायला आला, तर त्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. केनियातही तेथील वैद्यक परिषदेचा तात्पुरता परवाना लागतो आणि परिचारिकांसाठी परिचर्या परिषदेची वेगळी नोंदणी असते. मात्र 'आम्ही देवाचे काम करायला आलो आहोत' या वाक्यापुढे तपासनीसही कधीकधी मान तुकवतो आणि कागद न पाहता शिबिराचे कुंपण उघडतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०११ साली त्या कुंपणातून आत गेलेल्या बारा जणांत मीही होते.

त्या पहिल्या प्रवासाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण परतल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीत दाखवलेल्या छायाचित्रांत त्यातले काहीच नव्हते. आम्ही दोन आठवड्यांसाठी गेलो होतो. केनियाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलुखात, चहाच्या मळ्यांच्या भागात, तीन गावांतील प्रार्थनामंदिरांच्या आणि शाळांच्या आवारांत आमची शिबिरे झाली. पहाटे पाचपासून रांग लागे. दिवसाला तीनशेच्या वर रुग्ण, म्हणजे एकेका माणसाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे, आणि त्यातलीही निम्मी दुभाष्याकडे जायची. जंताची गोळी, पॅरासिटामॉल, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, मलम आणि ज्याचा रक्तदाब वाढलेला असेल त्याला महिनाभराच्या गोळ्या, असा आमचा परिपाठ होता. एका वृद्धेचा रक्तदाब वरचा दोनशेच्या पुढे गेलेला होता. मी तिच्या हातात तीस गोळ्या ठेवल्या. तिने त्या मोजल्या आणि किप्सिगिस भाषेत काहीतरी विचारले. दुभाषी तरुण हसला. तिचे म्हणणे असे होते की पुढच्या महिन्यात तुम्ही इथेच असाल ना? मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. तिचे 'कोंगोय', म्हणजे धन्यवाद, एवढे मात्र आठवते, आणि ते आठवले की अजूनही संकोच वाटतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक परिचारिका आम्हाला भेटायला आली. शिबिराच्या जागेपासून दोन-अडीच किलोमीटरवर चर्चचाच एक छोटा दवाखाना होता आणि तो ती एकटी चालवत होती. आम्हाला तो दवाखाना कोणी दाखवला नव्हता आणि आम्हीही विचारले नव्हते. ती भांडायला आली नव्हती. तिने आमच्यासाठी चपात्या आणल्या होत्या (तिकडेही त्यांना चपातीच म्हणतात) आणि सोबत आपली नोंदवही आणली होती. तीन दिवसांत तिच्याकडे चार रुग्ण आले होते. बाकीचे सगळे आमच्या फुकट गोळ्यांच्या रांगेत होते. रुग्ण देत असलेल्या थोड्याशा शुल्कावर त्या दवाखान्याची औषधे आणि राखणदाराचा पगार निघत असे. त्याहून मोठी गोष्ट तिने अगदी सहज सांगितली. ज्या वृद्धेला मी गोळ्या दिल्या होत्या, तिला ती गेली चार वर्षे ओळखत होती, मोठ्या मिनतवारीने दर महिन्याला दवाखान्यात यायला लावत होती आणि वेगळ्या गोळ्यांवर तिचा रक्तदाब आटोक्यात आणत होती. आता ती बाई दोन्ही गोळ्या एकदम घेणार किंवा 'परदेशी' गोळ्या संपेपर्यंत जुन्या बंद ठेवणार, आणि महिन्याभराने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. आमच्या बारा जणांच्या प्रवासाचा खर्च माणशी सत्तर हजारांच्या घरात गेला होता. मी परतीच्या विमानात हिशेब मांडला, तेव्हा त्या रकमेत त्या परिचारिकेचा सहा वर्षांहून अधिक पगार निघत होता.

औषधांच्या खोक्यांविषयी तर बोलायलाच नको. आमच्याकडे जमा झालेल्या औषधांत डॉक्टरांना मिळालेले नमुने होते, अर्धवट वापरलेल्या पट्ट्या होत्या आणि दोन महिन्यांत मुदत संपणाऱ्या बाटल्या होत्या. दान केलेल्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ सालीच मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. औषध पोहोचेल तेव्हा त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, रुग्णांना दिलेली आणि परत आलेली औषधे किंवा फुकट नमुने पाठवू नयेत, वेष्टनावरचा मजकूर घेणाऱ्याला कळणाऱ्या भाषेत असावा, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आम्हाला यातले काहीही माहीत नव्हते, कारण आम्ही 'देणारे' होतो आणि देणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही. गंमत अशी की परतताना मुंबईच्या विमानतळावर आमची पिवळ्या तापाच्या लसीची प्रमाणपत्रे एकेक करून तपासली गेली. ते प्रमाणपत्र नसेल किंवा लस घेऊन दहा दिवस झालेले नसतील, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही तिकडून काय घेऊन येऊ याची आपल्या देशाने इतकी काळजी घेतली. आम्ही तिकडे काय घेऊन चाललो आहोत हे मात्र दोन्ही विमानतळांवर कोणीच विचारले नाही.

आता धर्मप्रसाराच्या आक्षेपाबद्दल. दुसऱ्या पत्रलेखकाला मी या बाबतीत सरसकट खोटे पाडू शकत नाही. आमच्या शिबिरात शिरतानाच एक प्रार्थनेचा तंबू होता आणि त्यातून गेल्यावरच माणूस डॉक्टरांच्या टेबलापाशी पोहोचत असे. कोणावर सक्ती नव्हती, असे आम्ही म्हणत होतो, आणि ते शब्दशः खरेही होते. परंतु बाजारपेठेतील एक वृद्ध सोमाली दुकानदार, जो उघडच मुसलमान होता, त्या तंबूत डोके झुकवून उभा राहिलेला मी पाहिला, आणि प्रार्थना हा केसपेपर आहे असे त्याला वाटते आहे, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून समजले. ज्याला औषध हवे आहे तो 'आमेन' म्हणेलच. पण अशा आमेनने ना त्याचे भले होते, ना प्रभूचा गौरव. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि त्यांतला एकच परत येऊन पाया पडला, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकतो. न परतलेल्या नऊ जणांचा रोग पुन्हा उलटला असे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही. माझे स्वतःचे मत असे की तो तंबू डॉक्टरांच्या टेबलानंतर, आवाराच्या दुसऱ्या टोकाला आणि बाहेर पडण्याच्या वाटेपासून दूर असावा. ज्याला मनापासून यायचे असेल तो चालत येईल.

मी हे परक्याच्या तटस्थपणाने लिहीत नाही. माझी आजी १९३०च्या दशकात बाळंतपणात अडली, तेव्हा म्हैसाळहून तिला रात्रीतून बैलगाडीने मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आणले होते. आमच्या घरात त्या वेळी कोणीही ख्रिस्ती नव्हते. आजीने पुढे नऊ वर्षांनी बाप्तिस्मा घेतला, हे मी लपवत नाही. तिच्या शेजारच्या खाटेवर असलेली बाई मात्र जन्मभर पंढरीची वारी करत राहिली, आणि म्हातारपणी दोघी एकमेकींकडे जात-येत असत. उपचारात दोघींमध्ये कोणी फरक केला नव्हता, हे आजी आवर्जून सांगायची.

तिच्या बैलगाडीच्या त्या रात्री डॉ. विल्यम वानलेस मिरजेत नव्हते. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ साली भारतात आलेले हे शल्यविशारद १९२८ मध्ये निवृत्त होऊन परत गेले आणि १९३३ मध्ये वारले. ते नसतानाही आजी वाचली. १८९४ मध्ये त्यांनी उभे केलेले रुग्णालय तेथे होते, १८९७ पासून इथल्याच मुलांना वैद्यक शिकवणारी शाळा त्यांनी काढली होती, आणि शिकून तयार झालेली माणसे त्या रात्री कामावर हजर होती. आज सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीचे नाव रोज बसच्या पाटीवर वाचणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलचीही कथा थोडीफार अशीच आहे. ही माणसे पंधरा दिवसांसाठी आली नव्हती. त्यांनी मराठी शिकली, इथला उन्हाळा आणि प्लेग सोसला आणि कित्येकांनी आपली मुले इथे पुरली. त्यांच्या कामात साम्राज्याच्या काळाचा अहंकार मिसळलेला होता, हे मी नाकारत नाही. आमच्या जुन्या सिस्टर त्याचे किस्से सांगत असत. तरीपण ती राहिली.

राहण्याचा हा मुद्दा ख्रिस्ती लोकांपुरता नाही. १९३८ साली काँग्रेसने चीनला जे पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर असे दोन मराठी डॉक्टर होते. बाकीचे चौघे परतले; कोटणीस तिकडची भाषा शिकले, तिकडेच संसार केला आणि १९४२च्या डिसेंबरमध्ये तिकडेच वारले. चीन आजही त्यांना विसरलेला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. गडचिरोलीबद्दल दुसऱ्या पत्रलेखकाचा आक्षेप मला म्हणूनच अर्धाच पटतो. हेमलकशाला १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे राहिले, म्हणून तेथे काही उभे राहिले. पुण्याहून दोन दिवसांची शिबिरे गडचिरोलीतही होतात, आणि तेथील आरोग्यसेविकांना विचारले तर त्याही कदाचित एखादी नोंदवही काढून दाखवतील. गरज असलेल्या माणसाला मदत करताना त्याचे अक्षांश-रेखांश पाहावेत, असे मला वाटत नाही. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया जगातील सुमारे ५०० कोटी लोकांच्या आवाक्याबाहेर आहे, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये मांडले होते. यातले पुष्कळ लोक आपल्याकडे आहेत आणि पुष्कळ आफ्रिकेत आहेत. दोन्हीकडे जाणारे हवेतच.

मग सगळेच काही जन्मभर राहू शकत नाहीत, त्यांनी काय करायचे? मीही राहिले नाही. याचे उत्तर मला उशिरा सापडले, आणि तेही अशा गोष्टीत, जी मी शेकडो वेळा ऐकली होती. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट बहुतेक वाचकांना माहीत असेल. वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून इतर लोक बाजूने निघून जातात. शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला परका माणूस, मात्र थांबतो, जखमांना तेल आणि द्राक्षारस लावून बांधतो. आमचे प्रवचन बहुधा तेथेच संपते. गोष्ट पुढे चालू राहते. तो त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी तेथील रक्षकाच्या हातात दोन दीनार ठेवतो, याची काळजी घे म्हणून सांगतो, अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन असे वचन देतो आणि आपल्या कामाला निघून जातो. म्हणजे शोमरोनीदेखील प्रवासीच होता, तोही एका रात्रीपुरताच होता. जखमी माणूस बरा झाला असेल तर तो त्या रक्षकामुळे, ज्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. आम्ही २०११ मध्ये तेल ओतले, पट्ट्या बांधल्या, छायाचित्रे काढली. उतारशाळा कोठे आहे याची चौकशी मात्र केली नाही. ती अडीच किलोमीटरवर होती.

माझा दुसरा प्रवास २०१७ च्या जानेवारीत झाला. या वेळी आधी तिकडून पत्र आले. त्याच भागातील एका मिशन रुग्णालयाच्या थिएटर-प्रमुख परिचारिकेने, जिचा पत्ता मला चपात्या घेऊन आलेल्या त्या परिचारिकेनेच दिला होता, स्वच्छ लिहिले होते की आम्हाला शल्यविशारद नकोत, शिबिर नको; आमच्या शस्त्रक्रिया वाढल्या आहेत आणि निर्जंतुकीकरण विभाग मागे पडतो आहे, तेवढ्यासाठी दोन महिने देता येतील का? नोंदणीच्या कागदपत्रांना पाच महिने लागले. तोवर मी निवृत्त झाले होते. मी पोहोचले तेव्हा केनियातील सरकारी डॉक्टरांचा संप चालू होता. डिसेंबरात सुरू झालेला तो संप मार्चच्या मध्यापर्यंत, तब्बल शंभर दिवस चालला, आणि सरकारी रुग्णालयांचे सारे ओझे मिशनच्या रुग्णालयांवर येऊन पडले. व्हरांड्यात गाद्या टाकलेल्या, एका खाटेवर दोन बाळंतिणी. त्या गर्दीत माझ्यासारख्या पाहुणीकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती, आणि ते एका अर्थी बरेच झाले.

थिएटरचे ड्रम, म्हणजे निर्जंतुक करायच्या कापडाचे डबे, गच्च भरून वाफेच्या भांड्यात घालण्याची चूक मी मिरजेत नव्या मुलींना शेकडो वेळा दाखवली होती. ड्रम ठासून भरला की वाफ मधल्या कापडापर्यंत पोहोचत नाही. वरची पट्टी काळी पडते, सगळे ठीक दिसते आणि आतले कापड मात्र निर्जंतुक झालेलेच नसते. तेथेही घाईत तसेच होत होते, ते मी दाखवून दिले आणि माझा मान थोडा वाढला. मग मी मोठ्या तोऱ्याने भांड्याचा दाब पंधरा पौंडांवर लावला. तेथील तंत्रज्ञ, पंचविशीतला एक शांत मुलगा, काही न बोलता आला आणि त्याने काटा अठरावर नेला. मी विचारल्यावर त्याने समजावून सांगितले. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे, इथे हवेचाच दाब कमी. त्यामुळे वाफेचे तापमान १२१ अंशांपर्यंत न्यायचे तर काट्यावर सुमारे तीन पौंड जास्त दाखवावे लागतात. पस्तीस वर्षे मी ते यंत्र हाताळले होते आणि हे मला ठाऊक नव्हते, कारण मिरजेत त्याची गरज कधी पडली नव्हती. त्या क्षणी मी एकटी तेथे असते आणि तो मुलगा नसता, तर माझ्या 'अनुभवी' हातांनी आठवडाभर कच्ची निर्जंतुक केलेली उपकरणे लोकांच्या पोटात गेली असती. असे डोंगरावरचे ज्ञान पुस्तकात असते, पण ते आठवण करून द्यायला तेथला माणूस लागतो.

बाकीचे काम कंटाळवाणे होते आणि त्याचे कोणी छायाचित्र काढले नसते. शस्त्रक्रियेपूर्वी आणि पोट शिवण्यापूर्वी कापसाचे बोळे आणि उपकरणे मोजून फळ्यावर लिहायची, २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने काढलेली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची यादी रोज मोठ्याने वाचायची, धुतलेल्या गॉजच्या घड्या घालायच्या. घड्या घालायला बऱ्या होत आलेल्या म्हाताऱ्या येऊन बसत. त्यांच्याकडून मी मोडकीतोडकी स्वाहिली शिकले. औषधाला तिकडे 'दावा' म्हणतात, आपल्या दवाखान्यातली दवाच ती; दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी'. मी 'दवाखाना' म्हटले की त्या हसत आणि 'दावा, दावा' म्हणत मान डोलावत. तेथे शस्त्रक्रिया करणारे दोन तरुण डॉक्टर केनियाचेच होते आणि आफ्रिकेतील मिशन रुग्णालयांतच शल्यविशारद घडवणाऱ्या, पाच वर्षांच्या प्रशिक्षणातून तयार झालेले होते. पॅन-आफ्रिकन अकॅडमी ऑफ ख्रिश्चन सर्जन्स ही संस्था हे काम १९९०च्या दशकापासून करते आहे, आणि बोमेटजवळचे टेनवेक रुग्णालय हे तिच्या प्रशिक्षणाच्या ठिकाणांपैकी एक आहे. बाहेरून जाणारे अनुभवी शल्यविशारद तेथे शिकवायला जातात. मला विचाराल तर मिशन प्रवासाचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे: गेलेल्या माणसाची पुढच्या वर्षी गरज उरू नये असे काहीतरी मागे ठेवून येणे.

पाहुण्यांनीच शस्त्रक्रिया करण्याचे चांगले उदाहरणही आहे. मर्सी शिप्स ही १९७८ साली स्थापन झालेली ख्रिस्ती संस्था रुग्णालयाची जहाजे आफ्रिकेच्या बंदरांत नेते. सध्याच्या ग्लोबल मर्सी जहाजावर सहा ऑपरेशन थिएटर आहेत, आणि जाणारे स्वयंसेवक आपल्या राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतः देतात. ते जहाज यजमान सरकारशी करार करून जाते, एका बंदरात पंधरवडा नव्हे तर महिनोन्‌महिने मुक्काम करते आणि स्थानिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते. हा खटाटोप प्रचंड आहे, पण जबाबदारी घ्यायची तर खटाटोप आलाच.

उलटचे उदाहरण युगांडातील जिंजा येथले. एका अमेरिकी ख्रिस्ती तरुणीने, वैद्यकीय शिक्षण नसताना, कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवले; तेथे आलेल्या मुलांपैकी शंभराहून अधिक मुले दगावली. आपण डॉक्टर असल्याचे कधी भासवले नाही, असे तिचे म्हणणे होते. २०१९ मध्ये दोन मातांनी न्यायालयात दावा दाखल केला आणि पुढच्या वर्षी, दोष मान्य न करता, तो तडजोडीने मिटला. त्या तरुणीच्या हेतूविषयी मी काही म्हणत नाही. हेतू चांगलाच असेल. दुसऱ्या वर्षाच्या आपल्या विद्यार्थ्यांचाही चांगलाच आहे, आणि म्हणूनच मला भीती वाटते, कारण चांगल्या हेतूच्या माणसाला कोणी अडवत नाही.

त्या चौदा तरुणांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल, तर त्यांना सांगावेसे वाटते की तुम्ही अवश्य जा. फक्त निघण्यापूर्वी तिकडच्या रुग्णालयाला किंवा दवाखान्याला, तुमच्या इथल्या आयोजकाला नव्हे, स्वतः पत्र लिहून विचारा की तुम्हाला नेमके काय हवे आहे; आणि उत्तर 'काहीच नको, पैसे पाठवा' असे आले तर रागावू नका. तुमची नोंदणी झाली आहे का, हे स्वतः तपासा. विद्यार्थी असाल तर निरीक्षण करा, केसपेपर लिहा, म्हाताऱ्यांबरोबर गॉजच्या घड्या घाला. हातात सुई देऊ केली तर नको म्हणा. सुई टोचली तर काय करायचे, एचआयव्ही-प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत कोठे मिळेल आणि अठ्ठावीस दिवस ते कोण देईल, हे जाण्यापूर्वी लिहून घ्या. आमच्या पथकातील एका मुलीला सुई टोचली तेव्हा हे कोणालाच माहीत नव्हते, आणि औषध चाळीस किलोमीटरवर होते. तिने ती रात्र कशी काढली, हे मी तिच्या शेजारी बसून पाहिले आहे.

पत्र लांबले याची जाणीव आहे. शेवटी आपल्याला एक विनंती. हे पथक परत आल्यावर हारतुऱ्यांचे छायाचित्र आणि तपासलेल्या रुग्णांची संख्या आपल्याकडे येईल. ती बातमी आपण अवश्य छापावी. मात्र त्यानंतर सहा महिन्यांनी आपल्या बातमीदाराने त्या गावातील दवाखान्याच्या परिचारिकेला एक फोन करावा, शिबिरात गोळ्या मिळालेल्या रुग्णांचे पुढे काय झाले ते तिच्या नोंदवहीतून विचारून घ्यावे आणि ती जे सांगेल ते तेवढ्याच मोठ्या जागेत छापावे. फोन करायला अडचण पडू नये म्हणून निघण्यापूर्वीच आयोजकांकडून तिचे नाव मागून घ्यावे. आयोजकांना ते नाव माहीत नसेल, तर तीही बातमीच आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, मिरज